मेजर कँडी: स्वल्पविरामापुरतेच लक्षात राहिलेले साहेब, ज्यांनी इंग्रजी शब्दांना मराठी शब्द शोधण्यात आयुष्य घातलं

शिरूर तालुक्यातलं इनामगाव. घोड नदीच्या काठावरचं हे गाव राज्यभरातल्या पोरांना इतिहासाच्या पुस्तकामुळे माहीत असतं. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 पासून पुढे जवळपास पंधरा वर्षं इथे उत्खनन केलं आणि तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव मातीतून वर काढलं. घरं सापडली, धान्याची कोठारं सापडली, पाण्याचा कालवा सापडला, घराच्या जमिनीखाली मातीच्या कुंभात पुरलेली लहान मुलं सापडली.

मराठी शाळेतलं पोरगं या काळाला ताम्रपाषाणयुग म्हणतं. तांबं आणि दगड, दोन्ही वापरणाऱ्या माणसांचा काळ. शब्द जरा जड आहे, पण फोडला की अर्थ बाहेर येतो.

आता हेच पोरगं पुढे कॉलेजात गेलं की समोर शब्द येतो, चॅल्कोलिथिक. गाव तेच, नदी तीच, मडकी तीच. पण शब्द अनोळखी. इनामगावच्या उत्खननाचा मोठा अहवाल 1988 साली छापून आला, तोही इंग्रजीत. म्हणजे इनामगावच्याच एखाद्या मुलीला आपल्या पायाखाली काय सापडलं हे मुळातून वाचायचं असेल, तर तिला आधी इंग्रजी शब्दांचा डोंगर चढावा लागतो.

रोजचं इंग्रजी येणं वेगळं आणि अभ्यासाचं इंग्रजी येणं वेगळं. मोबाईल, रिचार्ज, ॲडमिशन हे शब्द सगळ्यांना येतात. गाडी अडते ती पुस्तकातल्या शब्दांपाशी. सेमी इंग्लिशमधून आलेल्या कुणालाही विचारा.

पण ही अडचण आजची नाही. पुण्यात ती जवळपास दोनशे वर्षांपूर्वी पहिल्यांदा समोर आली, आणि ती सोडवण्यासाठी एका इंग्रज माणसाने अख्खी हयात घालवली. त्यांचं नाव थॉमस कँडी.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना हे नाव एका प्रश्नामुळे पाठ असतं. मराठीत विरामचिन्हं कुणी आणली? उत्तर, मेजर कँडी. एक मार्क मिळतो आणि विषय संपतो. खरी गोष्ट मात्र त्या एका मार्कापेक्षा बरीच मोठी आहे.

विशी गाठायच्या आत हिंदुस्थानात

कँडी यांचा जन्म 13 डिसेंबर 1804 चा, इंग्लंडमधल्या ईस्ट नॉयल या गावातला. सोबत जुळा भाऊ होता, जॉर्ज. हे दोघे भाऊ 1822 साली हिंदुस्थानात आले. त्या वेळी त्यांनी विशीही गाठलेली नव्हती.

काळ कसा होता ते लक्षात घ्या. पेशवाई 1818 ला संपलेली. पुणे आता कंपनी सरकारच्या ताब्यात. मुंबई इलाख्याचा पसारा एकदम वाढला आणि साहेब लोकांपुढे एक साधीच अडचण उभी राहिली. ज्या लोकांवर राज्य करायचं, त्यांची भाषाच येत नाही. महसूल गोळा करायचा, खटले चालवायचे, शिपायांना हुकूम द्यायचे, तर मराठी आली पाहिजे. आणि मराठी शिकायला धड एक कोशही नाही.

कंपनीच्या लष्करात तेव्हा जेम्स मोल्सवर्थ नावाचा अधिकारी होता. सोलापूरकडे असताना त्याने स्वतःच्या हौसेने मराठी शब्द जमवायला सुरुवात केली होती. पुढे सरकारने हे काम अधिकृतपणे त्याच्याकडे दिलं. मदतीला पंडित मंडळी दिली आणि दोन तरुण इंग्रज दिले. ते दोघे म्हणजे हे कँडी बंधू.

पंडितांमध्ये जगन्नाथशास्त्री क्रमवंत होते, परशुरामपंत गोडबोले होते. याच पंडितांच्या नावाने 1829 मध्ये मराठीतून मराठी असा महाराष्ट्र भाषेचा कोश छापला गेला. दोन वर्षांनी, 1831 मध्ये, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. त्यात सुमारे 40 हजार शब्द होते. आजही जुन्या मराठीचा एखादा शब्द अडला की अभ्यासक पहिल्यांदा मोल्सवर्थ उघडतात.

जॉर्ज पुढे लष्कर सोडून पाद्री झाला. थॉमस मात्र शब्दांमध्येच अडकला, तो कायमचा.

एका कोशात शब्द आहेत, दुसऱ्यात शब्दच नाहीत

आता खरी मेख पाहा. मराठी-इंग्रजी कोश कुणाच्या कामाचा? साहेबाच्या. त्याने मराठी शब्द ऐकला, कोशात पाहिला, इंग्रजी अर्थ कळला. काम झालं.

पण पुण्या-मुंबईतली जी मुलं आता इंग्रजी शिकू लागली होती, त्यांना उलटा कोश हवा होता. इंग्रजी शब्द पाहायचा आणि त्याचा मराठी अर्थ मिळवायचा. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? पहिलाच कोश उलटा फिरवायचा.

इथेच सगळी गंमत आहे. मराठी-इंग्रजी कोशात शब्द आधीपासून लोकांच्या तोंडात असतात. नांगर आहे, मोट आहे, वतन आहे. ते गोळा करायचे आणि इंग्रजीत समजावून सांगायचे. उलट्या कोशात मात्र इंग्रजी पुस्तकातला शब्द पुढे उभा राहतो आणि त्याच्या बदल्यात ठेवायला मराठीत काहीच नसतं. वस्तूच नसेल तर शब्द कुठून असणार? आणि जिथे वस्तू नसून नुसती कल्पना असते, तिथे तर फारच पंचाईत.

त्यात इंग्रजीचा अभ्यासाचा शब्द प्रत्येक विषयात वेगळं सोंग घेतो. आजचंच उदाहरण घ्या. पॉवर हा शब्द भौतिकशास्त्रात शक्ती होतो, गणितात घात होतो, नागरिकशास्त्रात सत्ता होतो आणि कायद्यात अधिकार होतो. सोल्यूशन रसायनशास्त्रात द्रावण असतं, गणितात उकल असते आणि घरच्या भांडणात तोडगा असतो. ज्या मुलाला एकच अर्थ पाठ आहे, तो दुसऱ्या तासाला हमखास गोंधळतो. म्हणून अशा कोशात एका शब्दापुढे एक अर्थ लिहून भागत नाही. कोणत्या ठिकाणी कोणता अर्थ, हे सुटं करून दाखवावं लागतं.

हे काम मोल्सवर्थने 1831 नंतर हाती घेतलं. पण तब्येतीने साथ दिली नाही आणि 1836 मध्ये तो इंग्लंडला परत गेला. अर्धवट काम कँडींच्या गळ्यात पडलं. त्यांनी ते सोडलं नाही. इंग्रजी-मराठी कोश छापून बाहेर आला 1847 साली. पहिला कोश आणि हा कोश यांच्यामध्ये तब्बल सोळा वर्षं गेली.

टायपिंग नाही, सर्च नाही, कॉपी-पेस्ट नाही. हाताने लिहायचं, शास्त्र्यांना विचारायचं, पुन्हा खोडायचं. आणि हे सगळं दिवसाची नोकरी सांभाळून. ती नोकरी कोणती होती, तेही पाहू.

विश्रामबाग वाड्यातली शाळा

पुण्यात आज तुम्ही लक्ष्मी रोडच्या गर्दीतून बाजीराव रोडवर आलात की विश्रामबाग वाडा दिसतो. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी 1821 मध्ये या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. पेशवे विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटायचे, त्याच पैशांतून. न्याय, व्याकरण, वेदांत, धर्मशास्त्र असे जुने विषय तिथे शिकवले जायचे.

1837 मध्ये या पाठशाळेवर देखरेख करायला कँडींची नेमणूक झाली. आधी पर्यवेक्षक, पुढे प्रिन्सिपल. पाठशाळेत हळूहळू नवे विषय आले, इंग्रजी आली. 1851 मध्ये पाठशाळा आणि पुण्यातली सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं. तेच पुढे 1864 मध्ये डेक्कन कॉलेज झालं आणि मग येरवड्याच्या बाजूला स्वतःच्या इमारतीत गेलं.

हो, तेच डेक्कन कॉलेज, ज्याच्या लोकांनी पुढे शंभर वर्षांनी इनामगाव खणलं.

कँडींच्या शिष्यपरंपरेचा अंदाज एका नावावरून येईल. याच पाठशाळेत कृष्णशास्त्री चिपळूणकर शिकले. जुनी संस्कृत विद्या पक्की, वर इंग्रजी शिकलेली आणि लिखाण मराठीत. असे तिन्ही भाषांत पाय असलेले लोक तयार झाले आणि मराठी गद्याचा पुढचा रस्ता त्यांनी बांधला.

इंग्रजी, मराठी की संस्कृत?

त्या काळात एक मोठा वाद रंगला होता. हिंदी लोकांना शिकवायचं कोणत्या भाषेत?

मुंबईच्या शिक्षण मंडळात सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने होते. थोड्या लोकांना चांगलं इंग्रजी शिकवा, ज्ञान वरून खाली झिरपेल, असा एकूण सूर. दुसरीकडे कर्नल जर्व्हिस आणि नाना शंकरशेट यांचं म्हणणं होतं, की लोकांना त्यांच्या भाषेतच शिकवलं पाहिजे. आणि जुन्या पंडितांचा जीव संस्कृतमध्ये.

कँडींनी 1840 च्या सुमारास या तिन्ही भाषांची कामं वाटून दिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. नवं ज्ञान इंग्रजीतून घ्यायचं, कारण ते तिथे साठलेलं आहे. पण ते लोकांपर्यंत न्यायचं त्यांच्या स्वतःच्या भाषेतून, कारण आम जनता ना इंग्रजीतून शिकेल ना संस्कृतमधून. आणि मराठीला जिथे शब्द कमी पडतील तिथे संस्कृतच्या कोठारातून ते काढायचे.

ऐकायला सोपं वाटतं. पण यातली जबाबदारी पाहा. इंग्रजीतून घेतलेली प्रत्येक कल्पना मराठीत उतरवायची म्हणजे हजारो नवे शब्द घडवायचे. आणि घडवून थांबायचं नाही, तर ते शिकवायचे, पुस्तकात वापरायचे, रुळवायचे.

पुढच्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रात शास्त्रांची परिभाषा बहुतांश याच वाटेने घडली. तुम्ही शाळेत शिकलेले गुरुत्वाकर्षण, प्रकाशसंश्लेषण, समभुज हे सगळे शब्द संस्कृतच्या धातूंपासून तयार झालेत. ते सगळे कँडींनी घडवले असं अजिबात नाही. पण या वाटेचा हिशोब सुरुवातीलाच ज्यांनी स्पष्ट मांडला, त्यांत कँडी होते.

नुसता कोश नाही, परिभाषेची पुस्तकं

कँडींना एक गोष्ट लवकर कळली होती. जाड कोश हातात दिला म्हणून विद्यार्थ्याला भाषा येत नाही. कोशात सगळे शब्द वर्णानुक्रमे लागलेले असतात. मुलगा शिकतो ते विषयाने. म्हणून कोशाचं काम संपल्यावर त्यांनी लहान, कामापुरती पुस्तकं काढायला घेतली.

1848 मध्ये आली नीतिज्ञानाची परिभाषा. नीतिशास्त्र या एका विषयात लागणारे शब्द. आजच्या भाषेत सांगायचं तर एका विषयाची ग्लॉसरी.

1850 मध्ये आली विरामचिन्हांची परिभाषा. परीक्षेतला प्रश्न येतो तो इथून.

1858 मध्ये आली भाषणसांप्रदायिक वाक्ये. म्हणजे बोलण्यात रूढ असलेली वाक्यं. इथे सुटा शब्द नाही, तो ज्या सोबतीने येतो ते अख्खं वाक्य. आज इंग्रजीच्या क्लासमध्ये शिकवतातच ना, की शब्द एकटा पाठ करू नका, वाक्यात वापरून शिका? तीच युक्ती.

आता विरामचिन्हांकडे थोडं थांबू. कारण लोक त्याला सजावट समजतात.

तेव्हाचं मराठी लिखाण डोळ्यांसमोर आणा. रोजचा व्यवहार मोडी लिपीत. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. वाक्य कुठे संपलं, कुठे सुरू झालं, काही खूण नाही. श्लोकात दंड असायचा, पण गद्याला तोही धड नाही. कारकुनाला पत्र वाचायची सवय असल्यामुळे त्याचं भागून जायचं. पत्रातला मजकूर ठरलेला असतो.

पण भूगोलाचं, कायद्याचं, नीतीचं पुस्तक तसं वाचता येत नाही. तिथे वाक्यं लांब असतात. एक मुद्दा, त्याला अट, त्या अटीला अपवाद, मग निष्कर्ष. कुठे थांबायचं ते कळलं नाही तर अर्थच उलटा होतो. आपण शाळेत हसत हसत शिकलेलं वाक्य आठवा. मारू नका सोडून द्या. यात स्वल्पविराम मारूच्या पुढे टाकला तर माणूस मेला, नकाच्या पुढे टाकला तर वाचला.

म्हणजे विरामचिन्ह हा अभ्यासाच्या भाषेचाच भाग आहे. शब्द कळले पण वाक्याची बांधणी कळली नाही, तर वाचलेलं डोक्यात शिरत नाही. कँडींनी इंग्रजीतली चिन्हं मराठीत आणली, त्यांची पद्धत मांडली आणि पुढे सरकारी पाठ्यपुस्तकांतून ती घरोघर पोचली. तुम्ही आत्ता हा मजकूर वाचताना जिथे जिथे थांबलात, तिथे त्यांचाच हात आहे.

16 नोव्हेंबर 1852

कँडींच्या आयुष्यातला एक दिवस महाराष्ट्राने विशेष लक्षात ठेवायला हवा.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. त्यांना काय सोसावं लागलं हे सगळ्यांना माहीत आहे. घर सोडावं लागलं, शेणगोळे झेलावे लागले. अशा वेळी त्यांच्या शाळांना पुस्तकं पुरवणाऱ्यांमध्ये मेजर कँडी होते.

16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला. शालजोडी दिली गेली. ती देणारे होते पूना कॉलेजचे प्रिन्सिपल, मेजर कँडी.

जागा कोणती होती ते पाहा. ज्या वाड्यात पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून फक्त ब्राह्मण मुलांसाठी संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती, त्याच वाड्यात माळी समाजातल्या एका पंचवीस वर्षांच्या तरुणाला शूद्रातिशूद्रांना आणि मुलींना शिकवल्याबद्दल शाल मिळाली.

पण इथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो कँडींच्या कामालाच लागू होतो. संस्कृतच्या कोठारातून शब्द काढायचे हे ठीक. पण त्या कोठाराची किल्ली कुणाकडे होती? ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या संस्कृत होतं, त्याला असा शब्द निम्मा आधीच कळायचा. शेतकऱ्याच्या पोराला मात्र तो इंग्रजीइतकाच परका. म्हणजे त्याने आधी पुस्तकी मराठी शिकायची आणि मग त्या मराठीतून इंग्रजी. डोंगर एक नाही, दोन.

कोशासाठी बसलेले शास्त्री ब्राह्मण, पाठशाळा ब्राह्मणांची, त्यामुळे जी मराठी प्रमाण ठरली ती त्यांच्या वळणाची झाली. कँडींनी हे मुद्दाम केलं असं म्हणता येणार नाही. पण त्याचा परिणाम झाला, आणि तो अजून आहे. गावाकडच्या मुलाला पाठ्यपुस्तकाची मराठी आपली वाटत नाही ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल, कदाचित केलीही असेल.

कँडींच्या हाताखालून गेलेली मराठी

पूना कॉलेज सोडल्यावरही कँडींचं काम थांबलं नाही. सरकारचे मराठी भाषांतरकार म्हणून ते काम करत राहिले. सरकारी मजकूर मराठीत आणायचा, शाळांची क्रमिक पुस्तकं तपासायची, त्यांची भाषा एकसारखी करायची.

यात मोल्सवर्थही मध्ये परत आला. सरकारने त्याला 1851 मध्ये पुन्हा बोलावून घेतलं आणि मराठी-इंग्रजी कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 मध्ये निघाली. या वेळी शब्द होते सुमारे 60 हजार. त्या आवृत्तीच्या कामातही कँडी सोबत होतेच. बाहेर देशभर बंडाचा वणवा पेटलेला आणि इकडे हे दोघे शब्दांची जुळवाजुळव करत होते.

1854 च्या वुडच्या खलित्यानंतर शिक्षण खातं उभं राहिलं. शाळा वाढल्या आणि पुस्तकांची गरज एकदम वाढली. कँडींच्या नावाची क्रमिक पुस्तकं गावोगावच्या शाळांत गेली. वाचनपाठमाला आली, हिंदुस्थानचं वर्णन आलं. मराठी मुलं कोणत्या तऱ्हेची वाक्यं वाचणार, कोणते शब्द शिकणार, हे एका माणसाच्या टेबलावरून ठरू लागलं.

आता एवढी सत्ता एका हातात आली की टीका होणारच. ती झालीही. साहेबाने तपासलेली मराठी इंग्रजी वळणाची होते, घडीव वाटते, बोलण्यातला जिवंतपणा जातो, असा आक्षेप नंतरच्या काळात बराच घेतला गेला. कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी 1874 मध्ये निबंधमाला सुरू केली आणि मराठीला स्वतःचा बाणा दाखवला. म्हणजे कँडींच्या पाठशाळेत घडलेल्या घराण्यातूनच मराठी अस्मितेचा बुलंद आवाज निघाला.

टीकेत तथ्य नव्हतं असं नाही. मराठी ही कँडींची शिकलेली भाषा होती, जन्माची नव्हे. शिकलेल्या माणसाला नियम दिसतात, आणि जन्मजात बोलणाऱ्याला लय ऐकू येते. पण एक गोष्ट तितकीच खरी. परकी भाषा शिकताना माणूस कुठे अडतो, हे त्यालाच नीट कळतं ज्याने स्वतः ती ठेच खाल्लेली असते. कँडींनी आयुष्यभर विद्यार्थ्याच्या बाजूने पुस्तकं केली, कारण ते स्वतः मराठीचे विद्यार्थीच होते.

26 फेब्रुवारी 1877 रोजी महाबळेश्वरला त्यांचं निधन झालं. वय 72. त्यांपैकी पन्नासहून जास्त वर्षं हिंदुस्थानच्या कामात गेली.

मग आज काय घ्यायचं?

कँडींचा पुतळा पुण्यात शोधत बसू नका. पण त्यांच्या कामातून इंग्रजी शिकणाऱ्या आजच्या मुलांना तीन गोष्टी सरळ उचलता येतात.

एक, शब्द विषयासकट शिकायचा. गणिताच्या वहीत पॉवरपुढे घात लिहा आणि विज्ञानाच्या वहीत शक्ती लिहा. एकाच शब्दाची दोन घरं आहेत हे एकदा लक्षात आलं की गोंधळ संपतो.

दोन, शब्द फोडून पाहायचा. चॅल्कोलिथिक हा शब्द ग्रीक भाषेतल्या तांबं आणि दगड या दोन शब्दांपासून झाला आहे. ताम्रपाषाण म्हणजेही तांबं आणि दगडच. एक कळला की दुसरा आपोआप कळतो. मग पुढे निओलिथिक आला तर त्यातला लिथिक ओळखीचा वाटतो आणि नवाश्मयुगातला दगडही दिसायला लागतो.

तीन, आपल्या भाषेची लाज बाळगायची नाही. कल्पना आधी मराठीत पक्की झाली, तर इंग्रजी शब्द फक्त नवं नाव म्हणून येतो. कल्पनाच कच्ची असेल तर मात्र इंग्रजी शब्द पाठ होतो, पण समजत नाही.

आणि एक गोष्ट शिक्षकांसाठी. परिभाषा सोपी करून सांगायची जबाबदारी पोरांची नाही, आपली आहे. कँडींच्या योजनेत जी फट राहिली, ती इथेच होती. कोठारातून शब्द काढले, पण प्रत्येक घराच्या उंबऱ्यापर्यंत ते पोचले नाहीत. घोड नदीच्या काठच्या मुलीला ताम्र हा शब्द शिकवताना तिच्या घरातला तांब्या हातात दिला, तर संस्कृतही परकं राहत नाही आणि इंग्रजीही.

डेक्कन कॉलेजात आजही कोशाचं काम चालू आहे. 1948 मध्ये तिथे संस्कृतचा महाकोश करायला घेतला, त्याचा पहिला खंड 1976 मध्ये आला आणि कित्येक पिढ्यांचे अभ्यासक अजून त्याचे खंड तयार करत आहेत. शब्दांच्या कामाला किती वेळ लागतो, हे त्या संस्थेला पहिल्यापासूनच माहीत आहे.